घरच्या कचेरीतील छापयंत्र : खरेदीपूर्वीची पारख
(ज्ञातिमंडळाच्या मालेगाव येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनातील भाषणे बहुधा शिक्षणावर, विवाहातील खर्चावर किंवा संघटनेच्या आवश्यकतेवर होत असतात. मंडळाने यंदा मजकडे जो विषय सोपविला तो कार्यक्रमपत्रिकेत वाचून कित्येकांस हसू आले असेल. प्रिंटर कोणता घ्यावा हे दुकानदार सांगेल, त्याकरिता व्याख्यान कशाला, असेही कोणी म्हणाले. परंतु दुकानदार सांगतो ते त्याच्याजवळ शिल्लक असलेल्या मालाविषयी. आणि आपल्यापुढील प्रश्न वर्गणीच्या पैशाचा आहे. मंडळापुढे सध्या दोन ठराव आहेत. पहिला असा की, मंडळाची कचेरी चिटणिसांच्या घरी असल्यामुळे तेथे छपाई, नक्कल आणि स्कॅन ही तिन्ही कामे करणारे एक यंत्र घ्यावे. दुसरा असा की, ज्या तरुणांस व भगिनींस घरी बसून ऑनलाइन अर्ज भरून देण्याचा किंवा लिखापढीचा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांस अशा यंत्रासाठी शिक्षणनिधीतून बिनव्याजी रक्कम द्यावी. पहिल्या ठरावात चूक झाली तर मंडळाचे काही हजार रुपये जातील. दुसऱ्यात झाली तर एखाद्या गरजू घराच्या डोक्यावर हप्ता राहील आणि कोपऱ्यात कापड झाकलेले यंत्र राहील. सबब हा विषय थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. ज्यास बाजारात ‘ऑल-इन-वन’ म्हणतात त्यात खरोखर यंत्रे दोनच असतात. खाली छापणारे आणि वर काचेखाली कागद वाचणारे. तिसरे काम, ज्यास आपण सर्वजण ‘झेरॉक्स’ म्हणतो, ते ह्या दोघांच्या जोडीने होते. वरच्याने वाचावे आणि खालच्याने छापावे. आमच्या पिढीस सायक्लोस्टाइल ठाऊक आहे. मेणकागदावर मजकूर टंकित करावयाचा, तो रुळावर चढवावयाचा आणि हाताने दांडा फिरवून प्रश्नपत्रिका काढावयाच्या. शाळेतील शिपायाचे हात परीक्षेच्या आठवड्यात काळेच असत. त्या मानाने कोरडी नक्कल हा केवढा शोध! चेस्टर कार्लसन ह्या अमेरिकन गृहस्थाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात कोरड्या भुकटीच्या साह्याने पहिली नक्कल काढली. काचेवर त्याने त्या दिवसाची तारीख आणि त्या जागेचे नाव एवढेच लिहिले होते. त्या शोधाचे कचेरीत चालणारे यंत्र बाजारात येण्यास १९५९ साल उजाडले, आणि त्या यंत्राचे वजन जवळजवळ तीन क्विंटल होते. आज तेच काम करणारे यंत्र आपली मुलगी दोन हातांनी उचलून टेबलावर ठेवते. यंत्र लहान झाले ही गोष्ट उत्तमच झाली. पण त्यामुळेच ते भाजीसारखे उभ्या उभ्या विकत घेण्याची सवय लागली आहे.

आता मुख्य मुद्द्यास येतो. यंत्र घेणाऱ्याने पहिला प्रश्न दुकानदारास विचारावयाचा नसून स्वतःस विचारावयाचा आहे. आपल्या घरी महिन्यास पाने किती निघणार? ह्याचे उत्तर अदमासाने न देता दोन महिने वहीत टिपून मग द्यावे. कारण खोक्यावरील किंमत ही यंत्राची किंमत नव्हे. स्वस्त यंत्र विकावे आणि नफा पुढे शाईच्या डब्यांतून काढावा, असा ह्या व्यापाराचा कल बऱ्याच काळापासून आहे.

मी गणिताचा शिक्षक होतो, म्हणून आकडेमोड केल्यावाचून मला राहवत नाही. पुढील किमती मी हिशेबाच्या सोयीसाठी धरल्या आहेत. प्रत्यक्ष भाव ज्याने त्याने बाजारात विचारून घालावेत. रीत मात्र हीच. समजा, लहान डबीचे यंत्र ४,५०० रुपयांस मिळाले आणि त्याची ९०० रुपयांची काळी डबी १८० पाने चालली. म्हणजे पानास शाईचा खर्च ५ रुपये. दुसरे यंत्र टाकीचे, ज्यात बाटलीने शाई ओततात. ते १५,००० रुपयांस पडले, आणि ५०० रुपयांच्या बाटलीत ५,००० पाने निघाली. म्हणजे पानास १० पैसे. दोन यंत्रांच्या किमतीत फरक १०,५०० रुपयांचा, आणि दर पानामागे बचत ४ रुपये ९० पैशांची. १०,५०० ला ४.९० ने भागा. भागाकार सुमारे २,१४३ येतो. म्हणजे २,१४३ पाने छापून झाली की महाग यंत्राने आपली जादा किंमत फेडली. तेथून पुढे ते स्वस्त आणि स्वस्त ते महाग. महिन्यास २०० पाने काढणाऱ्याच्या घरी ही वेळ अकराव्या महिन्यात येते. महिन्यास २० पाने काढणाऱ्याच्या घरी ती यावयास जवळजवळ नऊ वर्षे लागतील, आणि तोवर ते यंत्र टिकेलच ह्याचा भरवसा कोणी द्यावा?

ह्याच हिशेबातून आणखी एक निष्कर्ष निघतो, तो दुकानदारास आवडणार नाही. महिन्यास वीस पाने ज्याच्या घरी लागतात त्याने यंत्र घेऊच नये. बसस्थानकाजवळ नकलेचे दुकान आहे. पानास दोन रुपये दर धरला तरी महिन्याचे चाळीस रुपये होतात. घरात यंत्र असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानणारे गृहस्थ आपल्यात आहेत. त्यांनी भिंतीवर घड्याळ लावावे.

शाईच्या डबीवर पानांचा जो आकडा छापलेला असतो तो अगदीच खोटा नसतो, तथापि तो आपल्या घरचा नसतो. शाईच्या यंत्रांसाठी आय.एस.ओ. आणि आय.ई.सी. ह्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे २४७११ क्रमांकाचे आणि काळ्या भुकटीच्या यंत्रांसाठी १९७५२ क्रमांकाचे मानक आहे. ठरीव नमुन्याची पाने डबी संपेपर्यंत छापीत राहून हा आकडा काढतात. आपण दोन पाने छापतो, यंत्र बंद करतो आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू करतो. सुरू होताना यंत्र आपले तोंड धुऊन घेते आणि त्यात शाई जाते. शिवाय नव्या यंत्राबरोबर आलेल्या पहिल्या बाटल्यांतील बरीच शाई नळ्या भरण्यातच खर्ची पडते, व भुकटीच्या यंत्राबरोबर येणारी पहिली डबी पुष्कळदा अर्धवटच भरलेली असते. म्हणून छापील आकड्यातून चौथाई वजा करून हिशेब मांडावा, असे माझे मत आहे.

जाती दोन, शाईची आणि भुकटीची. शाईच्या यंत्रात अत्यंत सूक्ष्म छिद्रांतून थेंब कागदावर उडतात. काही बनावटींत शाई क्षणमात्र तापवून बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब बाहेर टाकतात. जपानात १९७७ साली कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत तापलेली डागणी शाईच्या पिचकारीच्या सुईस लागली, शाई उडाली, आणि त्यातून ही कल्पना सुचली असे सांगतात. दुसऱ्या काही बनावटींत विजेने लवणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने थेंब सुटतो. भुकटीचे, म्हणजे लेसरचे, यंत्र निराळे. त्यात प्लॅस्टिकची बारीक पूड कागदावर बसवून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रुळाखाली ती वितळवितात.

ह्या भेदाचा आपल्या मालेगावशी संबंध काय, तो सांगतो. आपल्याकडे उन्हाळा कसा असतो हे मी आपणांस सांगावयास नको. शाई पाण्यात कालविलेली. वैशाखात पंधरा दिवस यंत्र बंद राहिले तर छिद्रे सुकून बसतात आणि अक्षरांतून पांढऱ्या रेघा जाऊ लागतात. ज्या घरी रोज काम आहे तेथे ही भीती नाही. पण जेथे जूनमध्ये प्रवेशाची झुंबड आणि इतर आठ महिने सामसूम, तेथे शाईच्या यंत्राने आठवड्यास एक रंगीत पान काढलेच पाहिजे, नपेक्षा भुकटीचे यंत्र घ्यावे. भुकटी सुकत नाही. मात्र रूळ तापविताना ते यंत्र शेकडो वॅट वीज ओढते. शाईचे यंत्र दहावीस वॅटांत भागते आणि घरच्या लहान इन्व्हर्टरवर निमूटपणे चालते. भुकटीचे यंत्र त्याच इन्व्हर्टरवर लावले की पंख्यासकट सर्वच बंद पडण्याचा संभव असतो. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी वीज गेली तर कोणते यंत्र उपयोगी, हे ज्याने त्याने ठरवावे. पावसाळ्यात आणखी एक पथ्य. कागदाचे उघडे रीम ओल धरते, कागद वळतो व यंत्रात अडकतो, आणि दोष यंत्रावर येतो.

शाईच्या यंत्रांत पुन्हा पोटभेद आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. काही शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, तर काहींत रंगाचे बारीक कण तरंगत असतात. पहिली पाण्याचा थेंब पडताच पसरते; दुसरी बरीच टिकते. पुष्कळ यंत्रांत काळी शाई कणांची व रंगीत शाई विरघळलेल्या रंगाची असते, काहींत चारही विरघळलेल्या रंगाच्या असतात. खोक्यावर हे ठळक लिहिलेले नसते. म्हणून दुकानातच परीक्षा करावी. एक ओळ छापून घ्यावी, दोन मिनिटे वाळू द्यावी, बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवून रुमालाने टिपावा. शपथपत्र, भाडेचिठ्ठी, उत्पन्नाचा दाखला हे कागद आपण पिशवीत घालून पावसातून तहसीलीत नेतो. त्यांची शाई पहिल्या थेंबास वाहू लागली तर यंत्राचा वेग आणि झगझगीत रंग घेऊन काय करावयाचे? भुकटीचा छाप ह्या परीक्षेत नापास होत नाही.

यानंतरची परीक्षा आपल्या लिपीची. इंग्रजी अक्षरे एका रांगेत बसतात. आपल्या अक्षरांस वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खाली उकार. ही कसरत आपल्या पूर्वजांनी मोठ्या जिद्दीने साधली. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग काढले. पुढे जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना १८६९ साली सुरू केला आणि त्याच्या सुबक खिळ्यांनी देवनागरी छपाईस असे वळण दिले की निर्णयसागरची पोथी म्हणजे वाचकाच्या डोळ्यांस विसावा असे लोक म्हणत. त्या दृष्टीने घरातल्या यंत्राकडे पाहावे. दुकानदार नमुना म्हणून फुलांचे किंवा पोपटाचे रंगीत चित्र काढून दाखवितो. ते पाहून भुलू नये. आपल्यास पोपट छापावयाचे नाहीत. दहा पॉइंटच्या अक्षरात ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘वाङ्मय’ असे शब्द असलेले एक पान छापून घ्यावे, आणि तेच पान शाई वाचविण्याच्या हलक्या छपाईतही काढावे. ‘ष्ट्र’च्या पोटात काळा गोळा झाला आहे काय, अनुस्वाराचे टिंब शाबूत आहे काय, हे चष्मा लावून पाहावे.

टिंबाचा आग्रह मी म्हातारपणाच्या हेक्याने धरीत नाही. आपल्या संस्कृत पंडितांनी चिता आणि चिंता ह्यांतील एका बिंदूवर सुभाषित रचले. आमच्या काळात त्या बिंदूवर माणसाचे प्रवेशपत्र अडते. ‘शिंदे’ चे ‘शिदे’ आणि ‘पांडे’ चे ‘पाडे’ झालेला कागद वाचणाऱ्या कारकुनाने आक्षेप घेतला तर तो दोषी नव्हे, कारण त्याच्यापुढे जो कागद आला तोच त्याने वाचला. मूळ दाखल्यात नसलेली चूक नकलेत उत्पन्न व्हावी ही किती विलक्षण गोष्ट! हलक्या छपाईने पानामागे चार पैसे वाचतात. ती घरच्या टिपणासाठी ठेवावी. सरकारी कागदासाठी कदापि वापरू नये.

आता मी ज्या भागाकडे येत आहे तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि खरेदीच्या वेळी त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. लोक छपाई पाहून यंत्र घेतात. आपल्या समाजाने ते वरची काच पाहून घेतले पाहिजे.

कारण उघड आहे. जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ ह्याप्रमाणे होते. त्यात अर्जदारास आपल्या वाडवडिलांचा मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. इतर मागासवर्गासाठी, म्हणजे आपणांसाठी, तो दिनांक १३ ऑक्टोबर १९६७ हा आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० हे दिनांक आहेत. १९६७ पूर्वीचा पुरावा म्हणजे आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत. हे कागद कसे असतात हे ज्याने पाहिले आहे त्यासच कळेल. घडीवर फाटलेले, कडा भुगा झालेले, शाई तपकिरी पडलेली, आणि जातीचा रकाना नेमका घडीवर आलेला. मेडशी, शिरपूर, जऊळका ह्या बाजूच्या कित्येक घरांतून असा एकच कागद आहे, आणि त्या एका कागदावर नातवंडांची अख्खी पिढी शिकावयाची आहे.

आपल्यापैकी एका कुटुंबाचा १९५३ सालचा शाळेचा दाखला एका दुकानात नकलेसाठी दिला होता. दुकानाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील नोकराने तो वरच्या आपोआप कागद ओढणाऱ्या तबकात घातला. यंत्राने तो ओढला, घडीवर अडकला, आणि ओढून काढताना त्याचे तीन तुकडे झाले. मुलीच्या प्रवेशाला सतरा दिवस उरले होते. शाळेच्या रजिस्टरात नोंद जिवंत होती म्हणून दुसरी प्रत मिळाली. ती नोंद उधईने खाल्लेली असती तर काय झाले असते?

आपोआप कागद ओढणारे तबक ही सोय जाहिरातीत मोठी करून सांगतात, आणि नव्या कागदांसाठी ती खरोखरच सोय आहे. चाळीस पानांचा अर्ज एकदम आत जातो. परंतु जुना, घडी पडलेला, टाचणी लावलेला किंवा चिकटपट्टी डकविलेला कागद त्यात कधीही घालू नये. तो काचेवरच ठेवावा. म्हणून केवळ तबक असलेले व काच नसलेले यंत्र आपल्या कामाचे नाही. आणि ज्यास पैशाची ओढाताण आहे त्याने तबक सोडावे, काच सोडू नये.

काचेचीही पारख आहे. स्कॅनरचे डोळे दोन तऱ्हेचे असतात. एकात दिव्यांची आणि संवेदकांची बारीक पट्टी काचेला जवळजवळ चिकटून सरकते. घरगुती यंत्रांत बहुधा हीच असते, कारण ती पातळ व स्वस्त. तिला काचेस टेकलेले तेवढे स्वच्छ दिसते; काचेपासून थोडे वर उचललेले धूसर होते. दुसऱ्या तऱ्हेत आरसे आणि भिंग असते, यंत्र जाड होते, पण त्यास थोडी खोली दिसते. ह्याचा अनुभव घ्यावयाचा तर दुकानात एक जाड वही उघडून काचेवर ठेवा. शिवणीजवळची अक्षरे वाचता आली तर ठीक. रजिस्टरातील नोंदीचा पहिला शब्द शिवणीतच असतो आणि माणसाचे नावही बहुधा तेथेच असते. झाकणही पाहावे. ते बिजागरीतून थोडे वर उचलून येणारे असावे, म्हणजे जाड पुस्तकावर सपाट बसते.

काचेची लांबी हा आणखी एक प्रश्न आहे. घरगुती यंत्रांची काच ए-फोर कागदापुरती, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरहून किंचित मोठी असते. नवे कागद ह्या मापात येऊ लागले आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडील कामकाजासाठी ए-फोर कागद स्वीकारला. परंतु आपली जुनी खरेदीखते आणि शपथपत्रे लांब कागदावर आहेत. ती काचेवर ठेवली की खालच्या सह्या व शिक्के बाहेर राहतात. अशा कागदाचे दोन भाग करून स्कॅन घ्यावे, आणि वरच्या भागातील शेवटच्या दोन ओळी खालच्या भागात पुन्हा याव्यात, म्हणजे सलगतेविषयी शंका राहत नाही.

किती बारकाईने वाचावे, हेही विचारतात. इंचास ३०० ठिपके पुरे. खोक्यावर चार आकडी, पाच आकडी संख्या असतात. त्यांतील पुष्कळशा यंत्राने मधले ठिपके कल्पनेने भरून केलेल्या असतात. जुना कागद नेहमी रंगीत स्कॅन करावा, काळापांढरा नव्हे. फिकी तपकिरी शाई आणि जांभळा शिक्का काळ्यापांढऱ्यात नाहीसे होतात, रंगीतात दिसतात. संकेतस्थळावर चढविताना फाइल काहीशे किलोबाइटांच्या आत मागतात. त्यासाठी निराळी लहान प्रत करावी, पण मोठी मूळ प्रत पुसू नये. ती पेन ड्राइव्हवर एक आणि कुटुंबातील दुसऱ्या कोणाच्या घरी एक, अशी दोन ठिकाणी ठेवावी. २०१५ पासून महाराष्ट्र शासनाने बहुतेक कामांसाठी स्वसाक्षांकित प्रती चालवून घेतल्या आहेत. घरी काढलेल्या स्वच्छ नकलेचे मोल त्यामुळे वाढले आहे, आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारी ताटकळण्याचे दिवस पुष्कळसे गेले आहेत.

इतर गुणांविषयी थोडक्यात सांगतो. मोबाइलवरून बिनतारी छपाई व्हावी, कारण गिऱ्हाईक आपला कागद मोबाइलमध्येच घेऊन येते. दोन्ही बाजूंस आपोआप छापण्याची सोय असल्यास कागदाचा खर्च जवळजवळ निम्मा होतो. फॅक्सचे पैसे मोजू नयेत. मिनिटास किती पाने ह्या आकड्यावर भांडू नये. घरच्या कचेरीत यंत्रापेक्षा संकेतस्थळच अधिक वेळ खाते.

हमीचे मात्र नीट वाचावे. ‘एक वर्ष किंवा अमुक हजार पाने, यांपैकी जे आधी होईल ते’ असे वाक्य बारीक अक्षरांत असते. धंद्यासाठी घेतलेले यंत्र त्या पानांची मर्यादा कित्येकदा वर्षाच्या आधी गाठते. दुसरे, दुरुस्तीस माणूस मालेगावास येणार की यंत्र वाशीम किंवा अकोल्यास न्यावे लागणार, हे पक्क्या बिलावर लिहून घ्यावे. तोंडी ‘पाठवू की’ ह्यास अर्थ नाही. ऑनलाइन मागविणाऱ्याने पत्त्यात जिल्हा व पिन क्रमांक डोळ्यांत तेल घालून लिहावा, नाहीतर आपली शाई नाशिक जिल्ह्यातील मालेगावची यात्रा करून येईल. काही यंत्रांत डबीवर चिप असते आणि दुसऱ्याची भरलेली डबी यंत्र ओळखून नाकारते. हे आधीच विचारावे. शाईच्या यंत्रात तोंड धुतलेली शाई शोषून घेणारी एक गादी असते. ती भरली की यंत्र काम थांबविते. ती घरी बदलता येते की कारागिरासच बोलवावे लागते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो विचारल्यावर दुकानदार आपणांस निराळ्या आदराने बसावयास सांगतो असे मी पाहिले आहे.

आता मंडळापुढील ठरावांविषयी माझे मत. चिटणिसांच्या घरी सूचनापत्रके, पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि वधूवर-सूचीची टिपणे निघतात. काम बाराही महिने आहे पण एकसारखे नाही, आणि रंगाची गरज जवळजवळ नाही. तेथे काळ्या भुकटीचे, काच असलेले यंत्र योग्य. त्याचा पानाचा खर्च टाकीच्या यंत्राहून अधिक येईल. २,४०० रुपयांची डबी १,५०० पाने चालते असे धरले तर पानास १ रुपया ६० पैसे पडतात. तरीही मी तेच सुचवितो, कारण चिटणीस बदलले, यंत्र दोन महिने बंद पडून राहिले, तरी ते पुन्हा सुरू होईल. मंडळाच्या वस्तूची निगा घरच्या वस्तूसारखी राखली जात नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

अर्ज भरण्याचा व्यवसाय करणाऱ्यांस टाकीचे यंत्र द्यावे, ज्याची काळी शाई पाण्याच्या थेंबास उतरते असे. त्यांस रंगीत छायाचित्रे लागतात, काम रोजचे असते, आणि दहा पैसे व पाच रुपये ह्यांतील अंतर हाच त्यांचा नफा असतो. शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांसही हेच लागू. विमा प्रतिनिधीचे काम बहुतांशी मोबाइलवर गेले आहे. त्याने आधी वही भरून दाखवावी. किंबहुना माझी सूचना अशी की, निधीतून रक्कम मागणाऱ्या प्रत्येकाकडून दोन महिन्यांच्या पानांची वही मागावी, आणि पानांची संख्या महिन्यास शंभराच्या खाली असेल तर रक्कम नाकारावी. काहींस हे कठोर वाटेल. परंतु हप्त्यापायी मनुष्य मंडळाकडे यावयाचाच थांबावा, त्यापेक्षा आधी नकार दिलेला बरा.

निधीतून पहिले यंत्र कोणास मिळावे, ह्याविषयीही बोलतो, मग ते कोणास आवडो वा न आवडो. ज्या भगिनीच्या घरी सासऱ्यांचे जुने कागद पेटीत आहेत आणि जिला दहावीपर्यंतचे शिक्षण व संगणकाचे जुजबी ज्ञान आहे, तिला ते आधी द्यावे. तिने वर्षभरात आपल्या समाजातील शंभर घरांचे १९६७ पूर्वीचे कागद काचेवर ठेवून नीट स्कॅन करावेत आणि प्रत्येक घरास त्याची प्रत द्यावी. ह्या कामाचा मोबदला मंडळाने तिला द्यावा व तो हप्त्यात वळता करावा. कागद मात्र कोणी तिच्या घरी सोडून जाऊ नये. आपल्या डोळ्यांदेखत स्कॅन करून घ्यावा आणि परत न्यावा.

दुकानात परीक्षेसाठी न्यावयाची चार पाने मी तयार केली आहेत. एक जोडाक्षरांचे, एक बारीक अक्षरांच्या सातबाराच्या नमुन्याचे, एक छायाचित्रांचे आणि एक फिक्या तपकिरी शाईने हाताने लिहिलेले. पहिली तीन चिटणिसांच्या संगणकावर आहेत. ज्यांस हवी त्यांनी भोजनानंतर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. चौथे पान मूळ कागदाचेच हवे, म्हणून त्याच्या दहा प्रती मी हाताने लिहून आणल्या आहेत आणि त्या प्रवेशद्वाराजवळील मेजावर ठेविल्या आहेत.